पोहण्याच्या तलावाचा जमाखर्च

माझी थोरली बहीण आणि भावोजी निवृत्तीनंतर गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका गावात राहायला गेले. घर जुने. आवारात विहीर, चार-सहा माड आणि मागच्या अंगाला एक छोटा पोहण्याचा तलाव. तलाव त्यांनी मुद्दाम शोधला नव्हता, तो घराबरोबर आला. आधीच्या मालकाने तो कोरडाच ठेवला होता. उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे येतील, पोहतील, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला भावोजींनी तो भरून घेतला आणि मला फोन केला.

"अरे, तू रसायनशास्त्रातला डॉक्टर. हे पाणी स्वच्छ कसं ठेवायचं ते सांग."

मी पाच मिनिटांत सांगून टाकले. रोज पंप चालवा. बाजारात तलावासाठी क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्या तरंगत्या डब्यात ठेवा. ग्रामपंचायतीचे लोक विहिरीच्या पाण्याची ओटी चाचणी करतात, तशी रोज करा. लीटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला की काळजी नाही.

भावोजींची सारी नोकरी बँकेत गेली. त्यांनी वही घातली आणि दीडशे दिवस एकही दिवस न चुकता नोंद केली. मे महिन्याच्या दहा तारखेला ताईचा फोन आला. "पाणी हिरवं झालंय रे. तळाची जाळी दिसत नाही. आणि मुलं पाच दिवसांनी येतायत."

मी गोव्याला गेलो आणि आधी वही पाहिली. क्लोरीन २, क्लोरीन २, क्लोरीन २. अगदी पाणी हिरवे झाले त्या दिवशीसुद्धा २. चाचणीही मी स्वतः करून पाहिली. रंग पिवळा आला. पाण्यात पुरेसा क्लोरीन आहे, तरीही शेवाळ मजेत वाढते आहे, हे कसे? चूक कोणाची हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. चूक माझी होती. ती कोणती हे समजण्यासाठी पोहण्याच्या तलावात काय काय घडते ते आधी पाहू.

दोन कामे, दोन कामगार

ताईचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. गुणाकार केला की सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लीटर पाणी होते. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी हा गुणाकार करून भिंतीवर लिहून ठेवावा. पुढचे प्रत्येक गणित याच आकड्यावर उभे राहते.

या पाण्यात धूळ, पाने, परागकण, घाम, तेल, जीवाणू आणि शेवाळाचे बीजाणू रोज येऊन पडतात. त्यांचा बंदोबस्त करणारे कामगार दोन. दिसणारी घाण वाळूची गाळणी काढते. न दिसणारे सजीव क्लोरीन मारतो. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

गाळणीबद्दल एक गैरसमज असतो. पंप तासाला ८,००० लीटर पाणी ओढतो, म्हणजे साडेपाच तासांत सगळा तलाव गाळून झाला, असे आपण समजतो. तसे होत नाही. गाळलेले पाणी पुन्हा त्याच तलावात येऊन न गाळलेल्या पाण्यात मिसळते आणि पंप हे मिश्रण ओढत राहतो. तलावाइतके पाणी गाळणीतून गेले तरी सुमारे ३७ टक्के पाणी एकदाही गाळणीत शिरलेले नसते. दुप्पट पाणी फिरवले तर न गाळलेला भाग १४ टक्क्यांवर येतो, तिप्पट फिरवले तर ५ टक्क्यांवर. हा ३७ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. पुढे पावसाच्या हिशेबात तो पुन्हा भेटणार आहे.

क्लोरीन म्हणजे नेमके काय?

गोळी, पावडर की द्रव, क्लोरीन कोणत्याही रूपात पाण्यात टाकला तरी कामाचा पदार्थ एकच तयार होतो : हायपोक्लोरस आम्ल. हा रेणू विद्युतभाररहित असतो, त्यामुळे जीवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतली यंत्रणा मोडून टाकतो. त्याचा हायड्रोजन सुटला की हायपोक्लोराइट हा ऋणभारित आयन उरतो. जीवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणभार असतो, म्हणून हा आयन बाहेरच अडखळतो. मारण्याच्या कामात तो फारच कमकुवत आहे.

दोघांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर ठरते. सामू ७.५ असताना दोघे साधारण निम्मे निम्मे असतात. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश भाग हायपोक्लोरस आम्लाचा असतो, आणि सामू ८ झाला की तो भाग जेमतेम चतुर्थांश उरतो. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवतात. डोळ्यांना बरे वाटणारा सामूही साधारण हाच.

गोव्यात आणि कोकणात जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. त्यात बायकार्बोनेट कमी. बायकार्बोनेट हा सामूचा रखवालदार आहे. तो थोडे आम्ल आले तरी सामू ढळू देत नाही. तो नसला की सामू रोज वरखाली होतो. उपाय स्वयंपाकघरातला आहे : खाण्याचा सोडा. बायकार्बोनेटची ही पातळी कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात मोजतात. ती ४५,००० लीटर पाण्यात लीटरला १० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे पाऊण किलो सोडा लागतो. त्या पाण्यात ती ३० होती आणि ८० हवी होती. भावोजींनी पावणेचार किलो सोडा थोडा थोडा करून घातला होता, सामूही नियमित मोजला होता. तो हिशेब चोख होता.

ऊन आणि छत्री

आता माझ्या चुकीकडे येऊ. क्लोरीनचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पाण्यातल्या क्लोरीनचे विघटन करतात. भर उन्हात तासाभराच्या आत निम्मा क्लोरीन नाहीसा होतो. सकाळी घातलेला क्लोरीन दुपारी शोधून सापडत नाही.

यावर उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल नावाचा पदार्थ वापरतात. हे आम्ल क्लोरीनला सैलसर धरून ठेवते. धरलेल्या क्लोरीनवर उन्हाचा परिणाम फारसा होत नाही. पाण्यातला मोकळा क्लोरीन खर्च झाला की धरलेल्यातला थोडा सुटतो आणि त्याची जागा घेतो. ही जणू क्लोरीनच्या डोक्यावरची छत्रीच. तलावाच्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. क्लोरीन आणि छत्री एकाच गोळीत बांधलेली. म्हणून त्या इतक्या सोयीच्या.

भावोजींना मी हे त्यांच्या भाषेत सांगितले. "समजा, क्लोरीन म्हणजे पैसा. हायपोक्लोरस आम्ल म्हणजे खिशातली रोकड आणि सायन्युरिक आम्लाने धरलेला क्लोरीन म्हणजे बँकेतली ठेव. भाजी घ्यायला रोकडच लागते. पण सगळी रोकड खिशात ठेवली तर ऊन नावाचा खिसेकापू ती पळवतो. म्हणून बरीचशी रक्कम ठेवीत ठेवायची."

"बरोबर. मग अडलं कुठे?"

"ठेवीचं प्रमाण वाढत गेलं, भावोजी. एकूण रक्कम दोनच राहिली, पण खिसा रिकामा झाला. आणि आपली चाचणी खिसा आणि बँक दोन्ही एकत्र मोजते."

ओटी चाचणीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातले की ते मोकळ्या क्लोरीनशी क्रिया करते. तेवढा क्लोरीन संपताच धरलेला क्लोरीन सुटून पुढे येतो आणि तोही मोजला जातो. म्हणून आकडा दोन. तो खोटा नव्हता, अपुरा होता. दुसऱ्या, गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी चाचणीतही ही ठेव वेगळी दिसत नाही.

भावोजी म्हणाले, "पण क्लोरीनचा वाससुद्धा कधी आला नाही. मला वाटलं, सगळं उत्तम आहे." त्यांचे निरीक्षण बरोबर होते. आपण ज्याला तलावाचा क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतेक वेळा क्लोरामाइन या संयुगांचा असतो. घाम आणि मूत्र यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची क्रिया होऊन ती बनतात. डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळे. उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झाला असे नव्हे. बहुधा तो कामाला कमी पडतो आहे असा त्याचा अर्थ असतो. या तलावात अजून पोहायला कोणी उतरले नव्हते, मग वास कुठून येणार?

जे येते पण जात नाही

आता हिशेब करू. ४५,००० लीटर पाण्यात लीटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे एकूण ९० ग्रॅम. गोळीत सुमारे ९० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, तेव्हा रोज १०० ग्रॅम गोळी लागते. दीडशे दिवसांत १५ किलो. वहीतली गोळ्यांची खरेदी जुळवून पाहिली, तेवढीच होती.

क्लोरीन आला आणि गेला. काही उन्हाने नेला, काही जीवाणूंवर खर्च झाला. पण गोळीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के भाग सायन्युरिक आम्लाचा असतो. त्याला ऊन मोडत नाही. ते वाफ होऊन उडत नाही. गाळणीतही अडकत नाही. १५ किलो गोळ्यांतून सव्वाआठ किलो सायन्युरिक आम्ल त्या तलावात आले आणि तिथेच राहिले. ४५,००० लीटरने भागले की लीटरला १८३ मिलिग्रॅम. हवे असते ३० ते ५०. १०० च्या वर जाऊ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

उन्हाळ्यात रोज चार-पाच मिलीमीटर पाणी उडून जात होते आणि भावोजी विहिरीचे पाणी घालून पातळी सांभाळत होते. पण उडते ते निव्वळ पाणी. विरघळलेले सारे मागेच राहते. मिठागरात हेच घडते.

हिशेब कागदावरचा होता. तो पडताळून पाहायला हवा. सायन्युरिक आम्लाच्या चाचणीचा संच पणजीहून आणवला. ही चाचणी वर्गात दाखवण्याजोगी आहे. तलावाचे पाणी आणि मेलामाइनचे द्रावण समान प्रमाणात मिसळले की पांढरा, न विरघळणारा पदार्थ तयार होऊन मिश्रण दुधाळ होते. एका नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. वरून पाहत मिश्रण हळूहळू ओतायचे आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचे. मिश्रण जितके दुधाळ, तितका ठिपका लवकर दिसेनासा होतो. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ फादर अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. त्याच कल्पनेचे हे धाकटे भावंड.

नळीवरचे आकडे १०० पर्यंतच होते. म्हणून तलावाच्या पाण्यात तेवढेच विहिरीचे पाणी मिसळून चाचणी केली. आकडा आला ८०, म्हणजे मूळ पाण्यात १६०. कागदावर १८३, नळीत १६०. उरलेले २३ कुठे गेले? भावोजींनी वही उलटली. दर आठवड्याला गाळणीतून उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतात, त्याला बॅकवॉश म्हणतात. त्यात दर वेळी सुमारे ५०० लीटर पाणी बाहेर जात होते. तो खर्च धरला की हिशेब १६३ वर येतो. सायन्युरिक आम्लाची जाण्याची वाट एकच : पाण्याबरोबर बाहेर.

जानेवारीच्या सुरुवातीला ते ३० होते, मे महिन्यात १६०. क्लोरीन तेव्हाही २, आताही २. पण खिशातली रोकड मात्र पाचपटीहून कमी झाली होती. शेवाळाला आटोक्यात ठेवायचे तर एकूण क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या साधारण ७-८ टक्के तरी असावा लागतो. ३० ला २ पुरतो. १६० ला १२ लागतो. गोळीत सायन्युरिक आम्ल असते हे मला ठाऊक होते. ते साठत जाईल हा साधा गुणाकार मी केला नव्हता. पाच मिनिटांत सल्ला देण्याचा हा परिणाम.

पाणी बदलायचे, पण कोणते?

१६० वरून ४० वर यायचे तर तीन चतुर्थांश पाणी, म्हणजे सुमारे ३४,००० लीटर, काढून नवे भरावे लागणार होते. भावोजी तयार होते. "उद्या उपसू, परवा भरू. मुलं येईपर्यंत स्वच्छ."

ताईने त्यांना विहिरीपाशी नेले. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला होता. शेजारच्या तीन घरांच्या विहिरीही त्याच जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर चालतात. "आपण इथून चौतीस हजार लीटर उपसलं, तर पलीकडच्या घरातल्या आजी सकाळी कळशी कुठे भरतील?" ताई म्हणाली. टँकर आणावा तर तोही कोणाच्या तरी विहिरीतूनच भरून येणार. पाणी न बदलता शेवाळ मारायचे तर क्लोरीनची मात्रा लीटरला ६० मिलिग्रॅमच्या पुढे न्यावी लागली असती, आणि तीही कित्येक दिवस. ते परवडणारे नव्हते, शहाणपणाचेही नव्हते.

"मग पावसाळ्यात रिकामा करू," भावोजी म्हणाले. इथे आर्किमिडीज आडवा आला. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते. तलावाच्या काँक्रीटच्या तळाची आणि भिंतींची जाडी १५ सेंटीमीटर धरली तर त्या साऱ्याचे वजन सुमारे २४ टन होते. भोवतीचे भूजल काठापर्यंत आले, तर रिकाम्या तलावाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन सुमारे ५५ टन. वजन २४ टन आणि प्लावक बल ५५ टनांचे! असा रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. भरलेला असताना आतल्या पाण्याच्या वजनाने तो जागेवर राहतो. म्हणून भूजल वर असताना तलाव रिकामा करायचा नसतो.

मे महिन्यात पाणी नाही, जुलैत रिकामा करता येत नाही. उरला एकच मार्ग : तलाव भरलेलाच ठेवायचा आणि पावसाला काम करू द्यायचे.

पावसाचे गणित

गोव्याच्या किनारी भागात वर्षाला सुमारे ३ मीटर पाऊस पडतो. तलावाची सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे तलावाच्या डोक्यावर दर पावसाळ्यात तलावाच्या दुपटीहून जास्त पाणी आपसूक पडते. काठाजवळच्या नळातून जादा पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर सायन्युरिक आम्लही. पंप चालू ठेवून पाणी ढवळते ठेवले की झाले.

किती पाऊस पडल्यावर १६० चे ४० होतील? तलावाइतका, म्हणजे १.४ मीटर पाऊस पडला की सगळे जुने पाणी गेले, असे वाटेल. पण गाळणीचाच नियम इथे लागतो. बाहेर जाते ते मिश्रण. त्यात नुकताच पडलेला पाऊसही असतो. १.४ मीटर पावसानंतर ३७ टक्के जुने पाणी उरते. चतुर्थांशावर यायला १.९ मीटर पाऊस हवा. जून आणि जुलै मिळून तिकडे साधारण एवढा पाऊस पडतो. म्हणजे जुलैअखेर.

हे वर्गात करून पाहता येईल. एक लीटर पाणी घ्या, त्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार कण विरघळवा. १०० मिलिलीटर काढा, १०० मिलिलीटर स्वच्छ पाणी घाला, ढवळा. पुन्हा तेच. दर वेळी रंग आधीच्या नऊ दशांश उरतो. दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे एक लीटर पाणी बदलल्यावर, रंग नाहीसा होत नाही. सुमारे ३५ टक्के उरतो. चतुर्थांशावर यायला तेरा-चौदा फेऱ्या लागतात. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहावा, मग प्रयोग करावा. चक्रवाढ व्याजाचे गणित उलटे चालवले तर हेच उत्तर येते, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

सुटीत काय झाले?

मुले पंधरा तारखेला आली, पोहण्याचे कपडे घेऊन. त्यांना सांगणे मलाच भाग होते. धाकट्याने विचारले, "मामाआजोबा, थोडंसंच हिरवं आहे. काठाकाठाने पोहलो तर?"

मी एक पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडली. हातभर खोलीवर ती दिसेनाशी झाली. "इथे तुमच्यापैकी कोणी बुडालं, तर काठावरून आम्हांला दिसेल का?" मुले गप्प झाली. घरच्या तलावाचा हा पहिला नियम आहे, रसायनांच्याही आधीचा. तळ दिसत नसेल तर पाण्यात उतरायचे नाही, आणि मोठे माणूस पाहत नसेल तर स्वच्छ पाण्यातही नाही. तलावाच्या फाटकाला कुलूप लागले.

गोळ्या बंद केल्या. डास होऊ नयेत आणि शेवाळ फार माजू नये म्हणून पंप रोज थोडा वेळ चालवायचा, पृष्ठभाग जाळीने साफ करायचा आणि रात्री द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घालायचे, एवढेच ठरले. मोठ्या नातीने वहीत दोन नवे रकाने आखले : "आज काय आलं" आणि "आज काय गेलं". सुटी संपून मुले परत गेली. भावोजींनी अंगणात सरळ उभ्या बाजूंचा एक डबा ठेवून रोजचा पाऊस मोजायला सुरुवात केली आणि आकडे नातीला फोनवर कळवू लागले. जुलैच्या शेवटी बेरीज १.९ मीटर भरली. सायन्युरिक आम्लाची चाचणी केली : ४० ते ४५ च्या दरम्यान.

आता खिशात रोकड ठेवता येत होती. सलग पाच संध्याकाळी हायपोक्लोराइट घालून क्लोरीन लीटरला १६ मिलिग्रॅमपर्यंत नेला. पहिल्या दिवशी त्यासाठी १० टक्क्यांचे सुमारे सात लीटर द्रावण लागले, पुढे कमी कमी. भिंती ब्रशने घासल्या, पंप सतत चालवला, वाळू वरचेवर धुतली. हिरवे पाणी आधी राखाडी, मग दुधाळ झाले. ते मेलेले शेवाळ होते. सहाव्या दिवशी तळाची जाळी दिसली. पावसाने बायकार्बोनेटही धुऊन नेले होते, ते खाण्याच्या सोड्याने भरून काढले. क्लोरीन पुन्हा दोन-तीनवर उतरला. चवथीला मुले आली. फाटक उघडण्याआधी धाकट्याने स्वतः बशी सोडून पाहिली. ती तळाला टेकेपर्यंत दिसत होती.

चौकट : प्रत्येक क्लोरीन मागे काहीतरी ठेवतो

गोळी (ट्रायक्लोर) : मागे सायन्युरिक आम्ल राहते आणि सामू उतरतो. वापरायची तर अधूनमधून, आणि महिन्याला चाचणी करून.

द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट : मागे मीठ राहते. रोज २ मिलिग्रॅमप्रमाणे दीडशे दिवसांत लीटरला सुमारे अर्धा ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लीटरला ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा चिंता नाही. उन्हात ठेवल्यास याची ताकद उतरते, म्हणून सावलीत ठेवावे आणि थोडेच आणावे.

कॅल्शियम हायपोक्लोराइट : मागे कॅल्शियम राहते. पाणी कठीण असेल तर पांढरी पुटे धरतात. कोकणातल्या मऊ पाण्यात मात्र ते फायद्याचे, कारण फार मऊ पाणी फरशांमधले सिमेंट खाते.

सावधगिरी : दोन प्रकारचे क्लोरीन कधीही एकत्र करू नयेत, एकाचा चमचा दुसऱ्यात घालू नये. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर एकत्र आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. रसायन नेहमी पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. सगळे कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

शाळेसाठी

आपल्यापैकी फारच थोड्यांकडे पोहण्याचा तलाव असेल. पण पाण्याची टाकी प्रत्येक शाळेत असते. टीसीएल पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी चाचणी करून पाहावी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लीटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. ऑर्थोटोलिडीन शरीराला अपायकारक समजले जाते. ते हातावर घेऊ नये, चाचणीचे पाणी पिऊ नये आणि चाचणी शिक्षकांनीच करावी. तलावासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या पिण्याच्या टाकीत टाकू नयेत. तिथे आरोग्य खात्याने दिलेलेच औषध वापरावे.

आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायची सवय लावावी. टाकी असो, तळे असो, शेतातली माती असो की आपले शरीर. आपण जे रोज थोडे थोडे घालतो, ते बाहेर कोणत्या वाटेने जाते? वाट सापडली तर मोजावी. सापडली नाही, तर ते साठते आहे असे धरून चालावे. भावोजींच्या वहीत जे मोजले गेले ते सारे ठीक राहिले. बिघडले ते एकच, जे मोजायला मी सांगितले नव्हते.